पडद्यावरची आगोट

मे महिना सरत आला की पालीत आणि सुधागड तालुक्यातल्या गावांत आगोटीची घाई सुरू होते. फाटी फोडून पडवीत रचायची, गोवऱ्या कोरड्यात हलवायच्या, कौले चाळून घ्यायची, सुकट-बोंबील पुन्हा एकदा उन्हात कडक करून डब्यात भरायचे. मग मीठ, मसाला, आमसुले, पापड, कांद्याच्या माळा. रायगड जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच कोसळतो. अंबा नदीचे पाणी पुलावर चढले की वाकणकडचा रस्ता बंद. आता दुकाने बारमाही उघडी असतात आणि गॅस घरोघर पोहोचला आहे. तरी साठीच्या पुढच्या माणसांच्या डोक्यात ती यादी अजून पक्की आहे. आधी काय, नंतर काय, कशावाचून काय अडते, हे त्यांना कोणाला विचारावे लागत नाही.

व्हिडिओ गेमचा एक प्रकार नेमका याच यादीवर उभा आहे. त्याला सर्व्हायव्हल क्राफ्टिंग म्हणतात. खेळणारा एका अनोळखी रानात, बेटावर किंवा समुद्रात रिकाम्या हाताने उतरतो. आजूबाजूला लाकूड, दगड, माती, जनावरे असतात. त्यांतून हत्यारे करायची, अन्न जमवायचे, रात्रीच्या आत निवारा बांधायचा आणि टिकून राहायचे. शर्यत नाही, पुढच्या पातळीवर ढकलणारे घड्याळ नाही, बहुतेक गेममध्ये जिंकण्याची सक्तीही नाही.

माझे म्हणणे असे की या खेळातला निम्मा भाग पालीतल्या सत्तरीच्या आजीला किंवा आजोबांना आधीच येतो, आणि तो अवघड निम्मा भाग आहे. त्यांना येत नाही तो दुसरा निम्मा, म्हणजे हात आणि डोळा यांचा मेळ. घरातली मुले मात्र शिकवायला बसली की पहिल्या भागावर तासभर बोलतात आणि दुसऱ्यावर एक वाक्य. म्हणून आजोबा कंट्रोलर खाली ठेवतात आणि "हे आमच्या वयाचे नाही" म्हणतात.

या प्रकाराचे मूळ थोडक्यात सांगायला हवे. फिनलंडच्या सामी मारानेन यांनी १९९२ मध्ये 'अनरिअल वर्ल्ड' नावाचा गेम आणला. लोहयुगातल्या फिनलंडमध्ये मासे पकडून, सापळे लावून, हिवाळ्याची बेगमी करून जगायचे, एवढाच त्याचा विषय. तो गेम आजही जिवंत आहे. पण हा प्रकार जगभर पोहोचला तो 'माइनक्राफ्ट'मुळे. स्वीडनच्या मार्कुस पेरसन यांनी त्याची पहिली कच्ची आवृत्ती १७ मे २००९ रोजी लोकांसमोर ठेवली, पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०११ मध्ये आली आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो गेम बनवणारी कंपनी अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्याचे जाहीर झाले. सुट्टीत गावी आलेल्या नातवंडांच्या टॅबवर चौकोनी झाडे आणि चौकोनी डुकरे दिसली, तर बहुधा तो हाच गेम.

चित्र असे ओबडधोबड असण्याचा नवशिक्याला फायदाच आहे. माइनक्राफ्टचे जग एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशा ठोकळ्यांचे आहे. ठोकळा फोडला की हातात येतो, दुसरीकडे ठेवला की तिथे राहतो. यापलीकडे समजून घेण्यासारखे फार थोडे आहे. दिवस आणि रात्र मिळून २० मिनिटांत फिरतात, त्यातला साधारण निम्मा वेळ लख्ख उजेड.

आता पहिला दिवस पाहू. झाडाच्या खोडावर हाताने ठोसे मारत राहिले की ओंडका निघतो. एका ओंडक्याच्या चार फळ्या होतात. चार फळ्या दोन-दोनच्या चौकोनात मांडल्या की कामाचे मेज तयार होते आणि त्या मेजावर तीन-तीनच्या चौकोनात मोठ्या वस्तू करता येतात. दोन फळ्यांच्या चार काठ्या. तीन फळ्या आणि दोन काठ्यांचा लाकडी टिकाव. त्या टिकावाने दगड फुटतो. मग तीन दगड आणि दोन काठ्यांचा दगडी टिकाव. आठ दगडांची भट्टी. भट्टीत खाली सरपण आणि वर ओंडका ठेवला की कोळसा मिळतो, आणि एक कोळसा व एक काठी यांच्या चार मशाली होतात.

इथे मुलांना पाठांतर करावे लागते. सुधागडातल्या म्हाताऱ्या माणसाला मात्र लाकूड कोंडून जाळले की कोळसा होतो हे कोणी सांगावे लागत नाही. इथल्या कातकरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या रानात कोळशाच्या भट्ट्या लावल्या आहेत आणि खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, तो रस आटवून कात केला आहे. पालीच्या डोक्यावरच्या सरसगडावर कातळ फोडून पायऱ्या काढल्या आहेत, पाण्याची टाकी खोदली आहेत. गड राखायचा तर तटाइतकीच पाण्याची सोय लागते, हे ज्यांनी ती टाकी खोदली त्यांना ठाऊक होते आणि ती टाकी पाहत वाढलेल्यांनाही ठाऊक आहे. गेममध्ये डोंगरावर घर बांधून मग पाण्यासाठी खाली-वर करणारी तरुण मुले मी पाहिली आहेत. वडीलधारे सहसा आधी पाणी शोधतात.

क्रम चुकला तर गेम शिक्षा करतो, आणि ती शिक्षा समजून घेण्यासारखी असते. लाकडी टिकावाने लोखंडाचा दगड फोडला तर तो फुटतो, पण हाती काही लागत नाही. त्याला दगडी टिकावच हवा. हिऱ्याला लोखंडी हवा. म्हणजे प्रत्येक हत्यार पुढच्या मालाची किल्ली आहे. राब भाजल्याशिवाय पेरणी नाही, रोप तयार झाल्याशिवाय आवणी नाही, हे ज्याने आयुष्यभर केले त्याला ही साखळी नवी वाटत नाही. तरुण खेळाडू हिऱ्याच्या मागे धावत खोल खाणीत उतरतात आणि खायला काही नसल्याने मधेच अडकतात. शेतकरी माणूस पहिल्या दोन-चार दिवसांत गहू पेरतो, आठ फळ्यांची पेटी करून त्यात बियाणे वेगळे ठेवतो आणि मगच खाणीकडे वळतो. हा मंद मार्ग नाही, हाच बरोबर मार्ग आहे.

सामान वाहण्याची मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. अंगावर ३६ खाने असतात आणि बहुतेक वस्तू एका खान्यात ६४ पर्यंत मावतात. माती, दगड, बिया, कोंबडीची पिसे असे सगळे उचलत गेले की खाने भरतात आणि गरजेच्या वेळी जागा उरत नाही. रोज घरी परतल्यावर पेटीत सामान लावून ठेवायची सवय ज्याला आहे, त्याचा खेळ पहिल्या आठवड्यातच सुटसुटीत होतो.

आता मोठ्यांना न येणाऱ्या दुसऱ्या भागाकडे, हात आणि डोळ्याच्या मेळाकडे येऊ. त्यावर जास्त वेळ द्यायला हवा, कारण बहुतेक मोठी माणसे इथेच खेळ सोडतात.

कंट्रोलरवर दोन छोटे दांडे असतात. डाव्या अंगठ्याखालचा दांडा शरीर चालवतो, उजव्या अंगठ्याखालचा मान फिरवतो. संगणकावर हेच काम डाव्या हाताच्या चार कळा आणि उजव्या हातातला माऊस करतात. खऱ्या आयुष्यात चालणे आणि पाहणे इतके एकत्र होते की ती दोन वेगळी कामे आहेत हे कधी जाणवत नाही. गेममध्ये ती दोन हातांत वाटून दिलेली असतात. लहानपणापासून खेळणाऱ्यांना ते जाणवत नाही, म्हणून ते सांगतही नाहीत. नवशिका मात्र पुढे जायला निघतो आणि आभाळाकडे पाहत भिंतीवर आपटत राहतो.

पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये हातचे कौशल्य शिकण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिलीत प्रत्येक हालचाल मनात बोलून करावी लागते. दुसरीत चुका कमी होत जातात आणि हालचाली जोडल्या जातात. तिसरीत हात आपोआप चालतात आणि मन दुसऱ्या कामाला मोकळे होते. वय वाढले की पहिल्या दोन पायऱ्यांना जास्त वेळ लागतो, पण पायऱ्या त्याच राहतात. चूक होते ती पहिल्या पायरीवरच्या माणसाला तिसऱ्या पायरीचे काम देण्यात. ज्याला अजून मान फिरवता येत नाही त्याला रात्री राक्षसांसमोर उभे केले तर तो शिकणार कसा?

म्हणून दोन्ही कामे वेगळी शिकावीत. पहिल्या दिवशी जागेवरून हलायचेच नाही. फक्त उजवा अंगठा. एका झाडाचा शेंडा पाहायचा, मग बुंधा, मग शेजारचा दगड, मग मागे वळून डोंगर. हे जमले की उजवा अंगठा उचलून ठेवायचा आणि फक्त डाव्याने सरळ पुढे-मागे चालायचे. तिसरा धडा म्हणजे एखाद्या झाडाभोवती प्रदक्षिणा घालायची आणि झाड सतत पडद्याच्या मधोमध ठेवायचे. यात दोन्ही अंगठे एकाच वेळी चालवावे लागतात. कोणाला हे दोन दिवसांत जमेल, कोणाला दोन आठवडे लागतील. एका बैठकीत तासन्‌तास रेटण्यापेक्षा रोज थोडा वेळ बसलेले बरे. मधे झोप मिळाली की हात पुढच्या दिवशी जरा जास्त शहाणे झालेले असतात.

सेटिंगमध्ये काही गोष्टी आधीच बदलून घ्याव्यात. मान वळण्याचा वेग, ज्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात, तो बराच कमी करावा. दांडा वर केला की नजर खाली जावी असे ज्यांना सोयीचे वाटते त्यांच्यासाठी उलट दिशेचा पर्याय असतो. अक्षरे मोठी करता येतात. चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग कडक होत जाते आणि जवळचे दिसायला चष्मा लागतो. दुहेरी चष्म्यातून टीव्हीच्या अंतरावरचा पडदा पाहताना मान विचित्र वाकते. त्यापेक्षा पडद्याच्या अंतराचा साधा चष्मा वेगळा करून घेतलेला चांगला. माइनक्राफ्टमध्ये ऑटो-जंप सुरू केले की एका ठोकळ्याची चढण आपोआप चढता येते. आणि वाकून चालण्याची कळ दाबून ठेवली की कड्याच्या टोकावरून पाय घसरत नाही. ही कळ नवशिक्याला सर्वांत आधी शिकवायला हवी आणि ती सर्वांत शेवटी शिकवली जाते.

काहींना पडद्याकडे पाहून मळमळते. घाटात गाडी लागते त्याच कुळातला हा त्रास आहे. एसटीत कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण हलतोय, आणि समोरच्या बाकाकडे पाहणारे डोळे सांगतात की सगळे स्थिर आहे. गेममध्ये हेच उलटे होते. डोळ्यांना वाटते आपण पळतोय, कान म्हणतो आपण खुर्चीत बसलोय. उपाय साधे आहेत. चालताना पडदा हिंदकळवणारे व्ह्यू बॉबिंग बंद करावे, दृश्याची रुंदी थोडी वाढवावी, खोलीत दिवा लावावा, पडद्यापासून लांब बसावे. मळमळ सुरू झाली की त्या दिवशी खेळ थांबवावा. सहन करून सवय होते हा सल्ला ऐकू नये. आधी थांबले तर सवय लवकर होते.

यातूनही ज्यांना त्रास होतो त्यांनी खुशाल माइनक्राफ्ट बाजूला ठेवावा आणि 'टेरेरिया' घ्यावा. मे २०११ मध्ये आलेला हा गेम बाजूने पाहायचा आहे. माणूस डावीकडे, उजवीकडे, वर, खाली जातो. मान फिरवण्याचा प्रश्नच येत नाही. झाडे तोडणे, खाण खणणे, भट्टी, हत्यारे, घर सगळे त्यात आहे. २०२० मध्ये त्यात 'जर्नी' नावाचा प्रकार आला, ज्यात शत्रूंचा जोर आपण कमी-जास्त करू शकतो. माझ्या मते मोठ्या वयाच्या नवशिक्याला पहिला गेम म्हणून तो माइनक्राफ्टइतकाच योग्य आहे, आणि कित्येकांना जास्त योग्य.

मरणाविषयी आता. या खेळांत माणूस मरतो, पुष्कळदा मरतो. अंधार पडला की माइनक्राफ्टच्या रानात झोंबी आणि बाण मारणारे सांगाडे येतात, आणि क्रीपर नावाचा हिरवा प्राणी जवळ येऊन फिस्कारतो आणि फुटतो. डुकराचे चित्र काढताना उंची आणि लांबीची अदलाबदल झाली आणि त्यातून हा प्राणी जन्मला, हे त्याच्या निर्मात्यानेच सांगितले आहे. मेले की अंगावरचे सामान तिथेच पडते आणि साधारण पाच मिनिटांत नाहीसे होते. आपण पुन्हा सुरुवातीच्या जागी किंवा आपल्या पलंगापाशी जागे होतो.

मुलांना याचे काही वाटत नाही. मोठ्या माणसांना वाटते, आणि त्यात कमीपणा काही नाही. ज्याने वस्तू सहज कधी मिळवल्या नाहीत, त्याला तासाभराची कमाई पाच मिनिटांत गेलेली सोसत नाही. म्हणून सुरुवात 'पीसफुल' या शांत प्रकारात करावी. त्यात रात्री राक्षस येत नाहीत आणि भूकही लागत नाही. हात बसला, घर उभे राहिले, शेत पिकले की मग 'ईझी' करावे. मेल्यावरही सामान अंगावर राहू देण्याची सोय असते, तीही लावावी. कोणी त्याला फसवणूक म्हटले तर म्हणू द्यावे. खेळ आपला आहे. आणि तीन लोकर व तीन फळ्यांचा पलंग करणे हे पहिल्या दिवसाचे काम समजावे. पलंगावर झोपले की रात्र टळते आणि मेलो तरी घरीच जाग येते.

हरवणे ही मरणापेक्षा मोठी अडचण आहे. माइनक्राफ्टचे जग मध्यापासून प्रत्येक दिशेला तीन कोटी ठोकळे पसरलेले असते. घरापासून दोन टेकड्या ओलांडल्या की सगळीकडे सारखीच झाडे. पालीच्या परिसरात कुठूनही पागोट्यासारखा सरसगडाचा माथा दिसला की आपण कुठे आहोत ते कळते. त्याचमुळे त्याला पगडीचा किल्ला म्हणतात. गेममध्ये असा माथा आपणच उभारायचा. घराशेजारी दगडांचा उंच मनोरा बांधून त्यावर मशाली लावाव्यात. खाणीत उतरताना मशाली नेहमी उजव्या भिंतीवर लावाव्यात, म्हणजे परत येताना त्या डावीकडे असल्या की वाट बरोबर आहे. सेटिंगमध्ये निर्देशांक दाखवण्याचा पर्याय असतो. पडद्यावर तीन आकडे दिसतात. घराचे आकडे लिहून ठेवले की हरवणे जवळजवळ संपते.

लिहून कशात ठेवायचे? वहीत. गेममधल्या सूचना बहुतेक वेळा इंग्रजीत असतात आणि पाककृतींची सूचीही असते, पण आपली वही आपल्या भाषेत असावी. डाव्या पानावर वस्तू आणि ती कशातून होते, उजव्या पानावर जागा आणि तिचे आकडे. ज्यांनी दुकानाची खतावणी किंवा शाळेचे हजेरीपत्रक वर्षानुवर्षे लिहिले आहे त्यांच्या वह्या फार देखण्या होतात. हाताने लिहिलेले जास्त लक्षात राहते हा त्यातला वेगळा लाभ.

पुढचे गेम निवडताना एवढेच पाहावे की तो भूक, मरण आणि घाई यांत किती कडक आहे. 'डोन्ट स्टार्व्ह' (२०१३) सुंदर आहे पण निर्दय. हिवाळ्याची बेगमी चुकली की पात्र मरते आणि नेहमीच्या प्रकारात सगळा डाव पहिल्यापासून. 'सबनॉटिका' २०१८ मध्ये पूर्ण झाला. त्यात अनोळखी ग्रहाच्या समुद्रात बुडी मारायची असते आणि सुरुवातीला एका श्वासावर ४५ सेकंदच राहता येते. त्यात 'फ्रीडम' नावाचा प्रकार निवडला की तहान-भुकेची चिंता उरत नाही, तरी खोल पाण्याची भीती वाटणाऱ्यांनी तो टाळावा. स्वीडनमध्येच तयार झालेला 'व्हॅलहाइम' २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला. त्यात उपाशी राहिले म्हणून कोणी मरत नाही. खाल्ले की ताकद वाढते, एवढाच नियम. आणि खर्च करायचा नसेल तर फिनलंडच्या पेर्टु आहोला यांनी २०१० मध्ये सुरू केलेला, पूर्वी माइनटेस्ट आणि २०२४ पासून 'लुआंटी' या नावाने ओळखला जाणारा गेम मोफत आहे. तो जुन्या संगणकावरही चालतो. पालीत पावसाळ्यात वीज जाते, त्यामुळे बॅटरीवर चालणारा लॅपटॉप किंवा टॅब आणि इंटरनेटशिवाय एकट्याने खेळता येईल असा गेम, हे दोन्ही सोयीचे.

पैशाबद्दल एक खुलासा आवश्यक आहे, कारण आपल्याकडे गेम म्हटले की कित्येक घरांत रमीत बुडालेले पैसे आठवतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे. या प्रकरणातले गेम त्या जातीचे नाहीत. ते एकदा विकत घ्यायचे आणि खेळायचे. तरी माइनक्राफ्टसारख्या गेममध्ये कपडे, नकाशे वगैरे विकणारे दुकान असतेच. बँकेचे कार्ड त्याला जोडून ठेवू नये. अनोळखी लोकांच्या जगात जाऊ नये, आणि गेममध्ये भेटलेल्या कोणालाही फोन नंबर किंवा ओटीपी देऊ नये.

गेम खेळल्याने मेंदू तल्लख होतो, स्मृतिभ्रंश टळतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. यात खरे किती? २०१३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात अ‍ॅडम गझाली आणि सहकाऱ्यांचा प्रयोग छापून आला. ६० ते ८५ वयाच्या माणसांना महिनाभर मुद्दाम तयार केलेला गाडी चालवण्याचा गेम खेळायला दिला. एकाच वेळी दोन कामे सांभाळण्याची त्यांची क्षमता सुधारली आणि सहा महिन्यांनंतरही ती टिकून होती. २०१७ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी ५५ ते ७५ वयाच्या लोकांना सहा महिने 'सुपर मारिओ ६४' खेळायला लावले आणि मेंदूत स्मृती व दिशा सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागातला करडा पदार्थ वाढल्याचे नोंदवले. असे प्रयोग आशा देतात, पण ते छोटे आहेत आणि त्यांवरून दैनंदिन आयुष्याबद्दल मोठा निष्कर्ष काढता येत नाही. मेंदूच्या व्यायामाचे खेळ विकणाऱ्या लुमोसिटी या अमेरिकी कंपनीला पुराव्याविना केलेल्या जाहिरातींबद्दल जानेवारी २०१६ मध्ये २० लाख डॉलर भरावे लागले. म्हणून औषध म्हणून गेम खेळू नये. आवडला तर खेळावा. संध्याकाळचे चालणे आणि माणसांत बसणे त्याच्यापायी सोडू नये.

उशिरा सुरुवात करणाऱ्यांचे दाखले मात्र पक्के आहेत. जपानच्या हामाको मोरी यांचा जन्म १९३० चा. त्यांनी पहिला व्हिडिओ गेम १९८१ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर हातात घेतला आणि नव्वदाव्या वर्षी त्यांची जगातल्या सर्वांत वयस्क गेमिंग यूट्यूबर म्हणून गिनीजमध्ये नोंद झाली. त्यांच्याहूनही मला महत्त्वाचे वाटते ते 'ब्लॉक बाय ब्लॉक'चे काम. संयुक्त राष्ट्रांच्या हॅबिटॅट या संस्थेने २०१२ पासून माइनक्राफ्टच्या निर्मात्यांना बरोबर घेऊन निरनिराळ्या देशांतल्या वस्त्यांमध्ये लोकांनाच आपले मैदान, चौक, बाग या गेममध्ये बांधून दाखवायला सांगितले. हैतीतल्या ले काय शहरात संगणकाची ओळख नसलेले मच्छीमार बसले आणि समुद्राच्या पाण्यापासून आपला किनारा कसा राखायचा हे त्यांनी ठोकळ्यांनी मांडले. मुंबईत गौतम नगरच्या लोटस गार्डनसाठी असेच काम झाले. कागदावरचा नकाशा न वाचता येणाऱ्या माणसाला ठोकळ्यांचा नकाशा वाचता येतो, कारण त्यात तो स्वतः उभा असतो. पालीत कोणी हे करायचे ठरवले तर अंबेच्या पुलापासून बाजारपेठेपर्यंत कुठे पाणी किती चढते हे दाखवायला जुन्या माणसांइतके जाणकार दुसरे कोणी नाही.

शेवटी चार शब्द घरातल्या मुलांसाठी, कारण हे प्रकरण बहुधा तेच आधी वाचतील. आजी-आजोबांना शिकवायला बसलात तर शेजारी बसा, पण कंट्रोलर त्यांच्याच हातात राहू द्या. "द्या आजोबा, मी करून दाखवतो" हे वाक्य त्यांचे शिकणे तिथेच थांबवते. ते भिंतीवर आपटत असतील तर आपटू द्या. कळांची नावे पाठ करून घेऊ नका, कुठला अंगठा काय करतो ते सांगा. सेटिंग तुम्ही लावून द्या, शांत प्रकार तुम्ही निवडून द्या, घराचे तीन आकडे वहीत लिहून द्या. आणि अन्न, पाणी, लाकूड, कोळसा यांचा प्रश्न आला की त्यांना सांगू नका, त्यांना विचारा.